सर व्हिक्टर ससून : गिरणीमालक, वैमानिक, बॅरोनेट. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत ससून डॉक आहे, पुण्यात ससून रुग्णालय आहे, काळाघोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. त्यामुळे "ससून" म्हटलं की सगळे एकाच माणसाबद्दल बोलतोय असं समजतात. मी गिरणगावात वाढलो. आमच्याकडे "ससूनची गिरणी" हे शब्द माणसाचं नाव म्हणून नाही, पत्ता सांगावा तसे वापरले जायचे. त्या पत्त्यामागचा शेवटचा मालक कोण होता, कुठून आला आणि कुठे गेला, हे लोक विचारत राहतात. जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

इतके ससून आहेत, त्यातले व्हिक्टर नेमके कोणते?

एलिस व्हिक्टर ससून. जन्म डिसेंबर 1881, इटलीतल्या नेपल्समध्ये. मृत्यू 1961 साली, बहामा बेटांवरच्या नासाऊमध्ये. शिक्षण हॅरो शाळेत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. मुंबईतल्या ई. डी. ससून कंपनीचे ते प्रमुख, आणि त्या कंपनीकडे या शहरातला एक सर्वांत मोठा गिरणीसमूह होता.

पुण्याचं रुग्णालय आणि मुंबईचं ग्रंथालय ज्यांच्या नावाने आहे ते डेव्हिड ससून व्हिक्टरचे पणजोबा. ससून डॉक बांधला डेव्हिड यांचे थोरले चिरंजीव अल्बर्ट यांनी, 1875 साली. डॉक, रुग्णालय, ग्रंथालय, यांतल्या कशाशीही व्हिक्टर यांचा थेट संबंध नाही. त्यांचा संबंध आहे तो लालबाग, परळ, काळाचौकी आणि दादरच्या गिरण्यांशी.

घराणं मूळचं कुठलं? ते इंग्रज होते का?

मूळ बगदादचं. डेव्हिड ससून यांचे वडील तिथल्या तुर्की सुभेदाराचे खजिनदार होते. पुढच्या सुभेदाराने यहुद्यांवर जुलूम सुरू केला, तेव्हा डेव्हिड इराणातल्या बुशेहर बंदरात निघून आले आणि 1832 साली मुंबईत उतरले. इथे कापूस, सूत, अफू आणि कापड यांचा व्यापार वाढवला. त्यांचे आठ मुलगे आशियातल्या एकेका बंदरात पेढी सांभाळायचे. डेव्हिड 1864 साली पुण्यात वारले. त्यांची कबर पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, आवारात आहे.

एक फरक इथेच सांगतो, कारण यावरही नेहमी गोंधळ होतो. कोकणातले आपले बेने इस्राएल, ज्यांना गावाकडे "शनवार तेली" म्हणायचे, ते शतकानुशतकं मराठी बोलणारे यहुदी. ससून हे बगदादी यहुदी. घरात अरबी आणि लिहायला हिब्रू लिपी, अशी त्यांची सुरुवात होती, आणि दोन पिढ्यांत सगळं इंग्रजी झालं. व्हिक्टरची पिढी आचारविचाराने पूर्ण इंग्रज होती.

मग ई. डी. ससून ही वेगळी कंपनी कशी झाली?

डेव्हिड यांच्यानंतर मुख्य पेढी अल्बर्टकडे गेली. दुसरे चिरंजीव एलियास यांनी चीनमध्ये अनेक वर्षं काढली होती, तिथला धंदा त्यांनीच उभा केला होता. थोरल्या भावाच्या हाताखाली राहणं त्यांना पटलं नाही, आणि 1867 साली ते वेगळे झाले. त्यांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन ई. डी. ससून कंपनी निघाली. बाजारात ती "नवी ससून" आणि भावाची "जुनी ससून".

नव्या ससूनला खरा आकार दिला एलियास यांचे पुत्र जेकब यांनी. मुंबईतल्या गिरण्या मुख्यतः त्यांच्या काळातल्या. काळाघोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ 1884 साली बांधलं. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला त्यांनी मोठी देणगी दिली. जेकब यांना अपत्य नव्हतं. 1916 साली ते गेले, तेव्हा किताब आणि कंपनी धाकटे बंधू एडवर्ड यांच्याकडे आली. 1924 साली एडवर्ड वारले आणि त्यांचे चिरंजीव व्हिक्टर बेचाळिसाव्या वर्षी तिसरे बॅरोनेट झाले.

बॅरोनेट म्हणजे लॉर्ड का?

नाही. बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब. नावाआधी "सर" लागतं आणि ते बापाकडून मुलाकडे जातं. पण बॅरोनेट माणूस लॉर्डांच्या सभागृहात बसत नाही. आपल्याकडे जमशेटजी जिजीभाईंच्या घराण्यात हाच किताब होता. जेकब यांना तो 1909 साली "बॉम्बे" या गावाच्या नावासकट मिळाला, म्हणजे ससून घराण्याची ही शाखा कागदोपत्री मुंबईचीच सरदार ठरली. आपल्यामागे तो भावाकडे जावा अशी सोय त्यात मुद्दाम केली होती, नाहीतर तो जेकब यांच्याबरोबरच संपला असता.

फिलिप ससून आणि व्हिक्टर ससून एकच का?

दोघे वेगळे. ही गल्लत छापील मजकुरातही दिसते, आणि ती होण्यासारखीच आहे. दोघेही "तिसरे बॅरोनेट", दोघेही पहिल्या महायुद्धात होते, दोघांचाही विमानांशी संबंध. फिलिप हे जुन्या ससूनचे, अल्बर्टचे नातू. ते 1912 पासून खासदार होते, युद्धात सेनापती हेग यांचे खाजगी चिटणीस होते, नंतर ब्रिटनच्या हवाई खात्याचे उपमंत्री झाले. ते लंडनमध्येच राहिले. प्रसिद्ध युद्धकवी सिगफ्रीड ससून हेही याच घराण्याच्या आणखी एका फांदीचे.

व्हिक्टर सैनिक होते म्हणजे नेमकं काय केलं?

विमानाचा शोध लागून जेमतेम काही वर्षं झाली होती, तेव्हापासून त्यांना उडण्याचं वेड. महायुद्ध सुरू झाल्यावर ते ब्रिटिश आरमाराच्या हवाई दलात दाखल झाले. लाकडाच्या पट्ट्या, ताणलेल्या तारा आणि वर लाखटलेलं कापड, असं तेव्हाचं विमान. 1916 साली त्यांचं विमान कोसळलं. जीव वाचला, पण कंबर आणि पाय कायमचे अधू झाले. पस्तिशीच्या आत असलेला हा माणूस पुढची पंचेचाळीस वर्षं काठ्यांच्या आधाराने चालला. नंतर ते कॅप्टनच्या हुद्द्यावर होते आणि मुंबईत सुरुवातीला "कॅप्टन ससून" म्हणूनच ओळखले जायचे.

त्यांच्या फोटोंत काठी जवळपास नेहमी दिसते. दरबारी पोशाखात, शर्यतीच्या मैदानावर, शांघायच्या मेजवान्यांत, सगळीकडे. चेहऱ्यावर मात्र त्या दुखण्याचा मागमूस नसतो, आणि याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

पैसा आला कुठून? अफूचा व्यापार खरा आहे का?

खरा आहे आणि तो आडपडदा न ठेवता सांगायला हवा. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. या व्यापारात पारशी, मारवाडी, गुजराती, यहुदी आणि इंग्रज असे सगळे होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही ससून पेढ्या त्यात अग्रभागी होत्या. 1907 साली ब्रिटन आणि चीन यांच्यात हा व्यापार दरवर्षी घटवत बंद करण्याचा करार झाला. तोवर अफूत कमावलेला बराच पैसा सूत कातायच्या यंत्रांत आणि जमिनीत उतरला होता. व्हिक्टर यांनी स्वतः अफूचा धंदा चालवला नाही, त्यांच्या हातात कंपनी आली तेव्हा तो काळ मागे पडला होता. पण ज्या भांडवलावर ते बसले होते त्याची मुळं तिथेच आहेत. मुंबईतल्या कितीतरी जुन्या दानशूर नावांची मुळंही तिथेच आहेत.

त्यांच्या गिरण्या कोणत्या?

1920 च्या सुमारास कंपनीने आपल्या गिरण्या एकत्र करून "ई. डी. ससून युनायटेड मिल्स" असा समूह केला. त्यात जेकब ससून, रेचल ससून, ई. डी. ससून, अलेक्झांड्रा या गिरण्या आणि टर्की रेड डायवर्क्स हा रंगाचा कारखाना होता. मँचेस्टर आणि अपोलो या गिरण्याही याच कंपनीच्या व्यवस्थापनाखाली. परळची जेकब ससून ही तर शहरातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी.

त्या काळात मुंबईत सुमारे 80 गिरण्या आणि दीड लाख कामगार. एका मालकाकडे इतक्या गिरण्या म्हणजे त्याने नवी पद्धत आणली की ती सगळ्या गिरणगावाला लागणार. पुढे तसंच झालं.

टर्की रेड म्हणजे काय?

सुती सुतावर चढवलेला पक्का तांबडा रंग. कापसावर लाल रंग धरत नाही, म्हणून सूत आधी तेलात मुरवायचं, मग तुरटीचं पाणी द्यायचं आणि शेवटी अलिझरीनच्या रंगात उकळायचं. अलिझरीन पूर्वी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून काढत, 1869 नंतर ते डांबरापासून कारखान्यात बनू लागलं. तेल, तुरटी आणि रंग यांची अशी गाठ बसते की उन्हाने आणि धुण्याने रंग उतरत नाही. लुगड्याच्या काठाला, पागोट्याला, पंच्याच्या लाल किनारीला असंच सूत लागायचं. हा कारखाना दादरला समुद्राकाठी होता. पुढे त्याचं काय झालं ते खाली येईलच.

1928 चा मोठा संप ससूनच्या गिरण्यांमुळे झाला, हे खरं का?

संपूर्ण खापर एका कंपनीवर फोडणं चूक, पण ठिणगी पडली ती इथेच.

पार्श्वभूमी अशी. पहिल्या महायुद्धात गिरण्यांची चांदी झाली होती. 1922 नंतर मंदी आली. चीनची सुताची बाजारपेठ हातची गेली आणि जपानी कापड मुंबईच्याच बाजारात स्वस्त मिळू लागलं. 1925 साली मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात केली, तेव्हा कामगार तीन महिने बाहेर राहिले. सरकारने देशी कापडावरचा साडेतीन टक्के उत्पादनकर उठवला आणि मालकांना कपात मागे घ्यावी लागली. पगाराला हात लावता येत नाही म्हटल्यावर मालकांनी दुसरा मार्ग काढला : तितक्याच माणसाकडून जास्त यंत्रं चालवून घ्यायची.

याला कागदावर "कार्यक्षमता योजना" असं नाव होतं. 1928 च्या जानेवारीत ती ससून समूहाच्या गिरण्यांत लागू झाली. रिंगखात्यात एका यंत्राला दोन बाजू असतात, प्रत्येक बाजूला चात्यांची लांब रांग. कामगार एक बाजू बघायचा. बाजूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायच्या, तुटला धागा दिसला की बोटाच्या चिमटीत पकडून सांधायचा. आता त्याला दोन्ही बाजू बघायला सांगितलं. साळखात्यात विणकर दोन माग सांभाळायचा, तिथे तीन माग दिले. ज्याच्याकडे काम उरलं त्याचा पगार थोडा वाढणार होता. ज्याच्याकडे उरलं नाही त्याने दाराबाहेर बदलीवाल्यांच्या, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरतं काम मिळेल म्हणून थांबणाऱ्यांच्या, रांगेत उभं राहायचं होतं.

मालकांची बाजूही सांगतो. लँकेशायरचा विणकर चार माग चालवतो, जपानचा सहा चालवतो, मग आमच्याच कामगाराने दोनवर का थांबावं, असा त्यांचा सवाल होता. यावर कामगारांचं उत्तर साधं होतं : तिथलं सूत चांगलं असतं, ते कमी तुटतं. आमच्याकडे आखूड धाग्याचा कापूस मिसळलेला, त्याचं सूत मिनिटामिनिटाला तुटतं. उकाडा वेगळा, दमट हवा वेगळी. आधी कापूस चांगला द्या, मग माग वाढवा. सगळा वाद वाचल्यावर मला कामगारांचं म्हणणं जास्त खरं वाटतं, कारण ते यंत्रापाशी उभं राहून केलेलं होतं.

जानेवारीतले संप विखुरलेले होते. एप्रिलच्या अखेरीला सगळं गिरणगाव बंद पडलं आणि ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. सहा महिने! दीड लाख माणसं. गावाकडे जमीन असलेले रत्नागिरी, सातारा, पुण्याच्या बाजूला परतले. उरलेल्यांना वाण्याने उधारी दिली तोवर चूल पेटली. याच संपात मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर हे तिचे पुढारी. ना. म. जोशी यांची जुनी युनियन मवाळ वळणाची, पण संपाच्या समितीत दोन्ही बाजू एकत्र बसल्या. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांची चौकशी समिती नेमली आणि भोंगे पुन्हा वाजले. समितीने कार्यक्षमता योजना तत्त्वतः मान्य केली, त्यावर अटी घातल्या. 1929 च्या मार्चमध्ये युनियनचे बहुतेक पुढारी मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले आणि एप्रिलमध्ये दुसरा संप सुरू झाला. तो मोडला.

या संपात डॉ. आंबेडकरांचा काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आमच्या घरी एक धोटा आहे, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. आजोबांनी गिरणी सोडताना आणलेला. हातभर लांबीचा, काळा पडलेला लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. आत कांडी बसवायची पोकळ जागा, आणि बाजूला एक बारीक छिद्र. बाण्याची कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि तिचं टोक त्या छिद्रातून बाहेर काढायचं. हाताने ते पटकन निघत नाही. म्हणून छिद्राला तोंड लावून श्वास आत ओढायचा, धागा फटकन ओठांवर येतो. दिवसातून शेकडो वेळा. लहानपणी मी तो धोटा तोंडाला लावून पाहिला होता : जुन्या तेलाची आणि लोखंडाची चव अजून जिभेवर आहे.

एकाच धोट्याला पाळीपाळीने वेगवेगळ्या माणसांची तोंडं लागायची. म्हणून साळखात्यात अस्पृश्य माणूस नको, असा सवर्ण विणकरांचा नियम होता. आणि साळखातं हेच जास्त पगाराचं खातं. अस्पृश्य कामगारांना रिंगखात्यात किंवा झाडलोट, ओझी वाहणं अशा कमी पगाराच्या कामांवर राहावं लागायचं. मालकाने लिहिलेला कायदा नव्हता हा, तो खात्यातल्या माणसांनी पाळलेला होता. जॉबरने, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाने, सांभाळलेला होता आणि मालकाने डोळेझाक करून चालू दिलेला होता. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं : एकीच्या घोषणा देता, तर आमच्या माणसाला साळखात्यात घेण्याची मागणी करा. पुढाऱ्यांना ती मागणी आपल्या यादीत घ्यावी लागली. खात्यातला व्यवहार मात्र पुढे कितीतरी वर्षं तसाच राहिला.

व्हिक्टर ससून राजकारणात होते का?

दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ते 1922-23 आणि पुन्हा 1926 ते 1929 या काळात सभासद होते. गिरणीमालकांची बाजू मांडणं हे त्यांचं काम.

कामगारांच्या चौकशी आयोगावर गिरणीमालक कसा काय?

1929 साली सरकारने भारतातल्या मजुरांची स्थिती पाहायला जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यात मालक, कामगार, सरकार अशा सगळ्या बाजूंची माणसं होती. मालकांकडून व्हिक्टर ससून आणि घनश्यामदास बिर्ला, कामगारांकडून ना. म. जोशी आणि दिवाण चमनलाल. एक वर्षाआधी संपात समोरासमोर असलेले ससून आणि जोशी एकाच टेबलावर बसून गावोगावच्या मजुरांच्या साक्षी ऐकत होते.

1931 साली अहवाल आला. चाळींतली दाटी, सावकाराचा विळखा, जॉबरला नोकरीसाठी द्यावी लागणारी लाच, बायकांच्या खात्यावरच्या नायकिणीची दस्तुरी, हे सगळं सरकारी अहवालात नोंदलं गेलं. आठवड्याचे कामाचे तास 60 वरून 54 करावेत ही शिफारस त्यातलीच, आणि 1934 च्या कारखाना कायद्यात ती आली. पगार वेळेवर देण्याचा 1936 चा कायदाही याच अहवालाचं फळ.

मग मुंबई का सोडली?

तीन कारणं एकत्र आली. गिरण्यांना नफा उरला नव्हता आणि संप थांबत नव्हते. मिठाच्या सत्याग्रहानंतर काँग्रेसने कोणती गिरणी स्वदेशी मानायची याच्या याद्या करायला सुरुवात केली, परकी व्यवस्थापनाच्या गिरण्यांना ते जड गेलं. आणि करांचा बोजा वाढला होता. याउलट शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत आयकर नव्हता आणि जमिनीचे भाव चढत होते. तिकडे बांधकाम आधीच सुरू झालं होतं, 1930 नंतर त्यांनी आपलं लक्ष आणि भांडवल मुख्यतः तिकडेच वळवलं. गिरण्या लगेच विकल्या नाहीत, पण मालकाचं मन इथे राहिलं नव्हतं.

शांघायमध्ये काय केलं?

इमारती बांधल्या. हुआंगपू नदीच्या काठी, बंड नावाच्या रस्त्यावर, हिरव्या तांब्याच्या निमुळत्या छताचं ससून हाउस आणि त्यातलं कॅथे हॉटेल 1929 साली उघडलं. ते आज पीस हॉटेल म्हणून चालू आहे. त्यानंतर मेट्रोपोल हॉटेल, हॅमिल्टन हाउस, एम्बँकमेंट हाउस अशा इमारती झाल्या. तिथल्या मेजवान्यांची वर्णनं खूप वाचायला मिळतात, म्हणून ती इथे पुन्हा देत नाही. 14 ऑगस्ट 1937 रोजी चीन-जपान लढाईत याच हॉटेलच्या दारात बाँब पडले आणि रस्त्यावरची शेकडो माणसं मेली.

ज्यू निर्वासितांना त्यांनी मदत केली होती का?

केली, आणि ती मोलाची होती. 1938 नंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियातून पळालेल्या यहुद्यांना जगातले बहुतेक देश दार उघडत नव्हते. शांघायला उतरायला व्हिसा लागत नसे. सुमारे 18 ते 20 हजार माणसं तिथे पोचली, बहुतेकांच्या खिशात काहीच नव्हतं. व्हिक्टर यांनी एम्बँकमेंट हाउसमधली जागा त्यांच्या पहिल्या निवाऱ्यासाठी दिली आणि पैसाही दिला. पणजोबा ज्या कारणाने बगदादहून निघाले होते त्याच कारणाने ही माणसं निघाली होती, आणि व्हिक्टर यांना ते कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

घोड्यांच्या शर्यतीतले "मिस्टर ईव्ह" ते हेच का?

हेच. एलिस व्हिक्टर यांची आद्याक्षरं ई आणि व्ही, त्यावरून "ईव्ह". मुंबई-पुण्याच्या शर्यतींत ते या नावाने घोडे पळवायचे. इंग्लंडमधली डर्बी जिंकायची ही त्यांची आयुष्यभराची इच्छा. 1927 साली त्यांचा हॉट नाइट दुसरा आला. 1937 साली एक्झिबिशनिस्ट या घोडीने ओक्स ही फक्त घोड्यांच्या माद्यांची शर्यत जिंकली. डर्बी मिळायला 1953 उजाडलं. राणीचा राज्याभिषेक होऊन चार दिवस झाले होते, राणीचा स्वतःचा घोडा ऑरिओल शर्यतीत होता, आणि त्याला मागे टाकून पिंझा जिंकला. 1,500 गिनींना घेतलेलं शिंगरू होतं ते. वर बसलेले गॉर्डन रिचर्ड्स यांनी आधी सत्तावीस वेळा डर्बी हरली होती. त्यानंतर 1957 साली क्रेपेलो, 1958 साली हार्ड रिडन आणि 1960 साली सेंट पॅडी, अशा एकूण चार डर्बी.

गिरण्यांचं पुढे काय झालं?

1943 साली, युद्धामुळे कापडाला पुन्हा भाव आलेला असताना, ससूननी समूह विकला. नव्या मालकांनी नाव ठेवलं इंडिया युनायटेड मिल्स. जुन्या नावांच्या जागी नंबर आले : एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. जुने कामगार मात्र "ससून"च म्हणत राहिले. 1974 साली आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा हा समूह राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आला. 1982 च्या संपानंतर गिरणगावाचं जे झालं ते इथेही झालं. काळाचौकीच्या दोन-तीन नंबर गिरणीच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं काम हाती घेतलं आहे.

आणि दादरचा तो रंगाचा कारखाना म्हणजे सहा नंबर. यालाच लोक इंदू मिल म्हणतात. चैत्यभूमीला लागून असलेली ही जागा डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून 2011 च्या डिसेंबरात कार्यकर्ते आत शिरले आणि तिथेच बसले. पुढच्या वर्षी केंद्राने जागा द्यायचं मान्य केलं, 2015 साली पायाभरणी झाली. ज्या समूहाच्या गिरण्यांत साळखात्याचा प्रश्न बाबासाहेबांनी उचलला त्याच समूहाच्या जमिनीवर त्यांचं स्मारक उभं राहतंय. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या बाजूने चालत येणाऱ्यांपैकी किती जणांच्या आजोबांनी या गिरण्यांत पाळी केली असेल, हा विचार दरवर्षी मनात येतो.

त्यांचा शेवट कसा झाला? वारस कोण?

1949 साली चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि शांघायची मालमत्ता गेली. ते नासाऊला राहायला गेले. 1959 साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, आपल्या परिचारिका एव्हलिन बार्न्स यांच्याशी त्यांनी लग्न केलं. दोन वर्षांनी, 1961 च्या ऑगस्टमध्ये, ते वारले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे "मुंबईचे बॅरोनेट ससून" हा किताब तिथेच संपला.

त्यांच्याबद्दल मूळ कागद कुठे पाहायला मिळतील?

एव्हलिन अमेरिकेतल्या डॅलसच्या. त्यामुळे व्हिक्टर यांच्या रोजनिशा आणि त्यांनी काढलेले फोटो डॅलसमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांना कॅमेऱ्याचा मोठा नाद होता. शांघाय आणि घोडे यांवर काम करणाऱ्यांना तिथे भरपूर मिळेल. गिरण्यांसाठी मात्र व्हिटली आयोगाच्या साक्षींचा पहिला खंड काढा. तो मुंबई इलाख्याचा आहे. जुन्या ग्रंथालयांत अजून सापडतो.